तिरपी रेघ

सकाळी चष्म्याचे दुकान उघडले की थोरली जाऊ आधी आरसे पुसायची, मग चाचणीच्या भिंगांची पेटी उघडून एकेक भिंग मऊ फडक्याने साफ करायची आणि शेवटी अक्षरांच्या तक्त्यामागचा दिवा लावायची. आज ती आली तेव्हा दिवा आधीच लागलेला होता आणि धाकटी जाऊ एका बसचालकाचे डोळे तपासत होती.

“हिचा हात बघ किती हलका आहे,” सासरे म्हणाले.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षे हे कौतुक तिच्या वाट्याचे होते.

“मीही एकदा बघते,” म्हणत तिने चालकाला आपल्या खुर्चीत बसवले. तो कामावर निघून गेल्यावर पाहतात तो दोघींचे निदान जुळेना. काच चौकटीत कशी फिरवून बसवायची ते दाखवणारी खुणेची रेघ धाकटीने उभी लिहिली होती, थोरलीने आडवी.

“ताई, मी पुन्हा पुन्हा बघितलंय.”

“तू शाळेत होतीस तेव्हापासून मी भिंगं लावतेय.”

“भांडू नका गं,” सासरे म्हणाले. “खरं नेहमी मध्येच कुठंतरी असतं. रेघ तिरपी लावा. संध्याकाळी न्यायला येईल तो.”

“पण बाबा, तिरपी लावली तर त्याला रस्ताच धड दिसणार नाही,” धाकटी म्हणाली.

“दोघींचं अर्धं अर्धं राखलंय ना? मग झालं.”

धाकटी भिंगे पुसायला वळली. थोरलीला बरे वाटले. हिचेही पुरते खरे ठरले नव्हते.

मग आवराआवर करताना तिने चालकाच्या डोळ्यांवर चढवलेली चाचणीची चौकट उचलली. तिने स्वतः बसवलेले भिंग अजून तसेच होते. रेघ उभी होती. चालकाने अक्षरे घडाघडा वाचली ती यातूनच. लिहिताना मात्र तिचे कान सासऱ्यांच्या कौतुकाकडे लागले होते आणि हातून आडवी लिहिली गेली होती.

कोणी पाहिले नव्हते. तिरपी रेघ दोघींची लाज राखणार होती. दोघींची कसली, तिची एकटीची. धाकटीचे चुकलेच कुठे होते? पलीकडे धाकटी भिंगे पुसत होती, आणि तेही नीटच पुसत होती. थोरलीला ते बघवेना.

तिने काच यंत्रात धरली, रेघ उभी केली आणि पेच घट्ट पिळला.

“बाबा, उभीच लावतेय. हिचं बरोबर होतं. माझं चुकलं.”

“अगं, पण मी सांगितलं ना...”

“ऐकलं मी,” असे म्हणून तिने यंत्र सुरू केले.