राजाच्या स्वप्नातला डावा पाय

मी एक डावा पाय बोलतोय. नुसता पाय, वर कुणी नाही. सांगतोय ते अक्षर न् अक्षर खरं आहे, शप्पथ! म्हणजे, शपथ वाहू नये असं आमच्या वर्गात शिकवतात, तेव्हा ही अर्धीच धरा. शिवाय पायाला डोळे नसतात. मी ‘पाहिलं’ म्हणालो की ‘ऐकलं’ समजा. बाकी सगळं खरं.

माझा जन्म चर्चच्या मागच्या खोलीतला. दर रविवारी उपासना संपली की तिथे इतिहासाच्या बाई मुलांना जुन्या संस्कृती शिकवतात. शास्त्रात बाबेल नावाच्या जुन्या साम्राज्याच्या राजाचं स्वप्न आहे. त्यात भला थोरला पुतळा. डोकं सोन्याचं, छाती चांदीची, पोट पितळेचं, तंगड्या लोखंडाच्या आणि पाय अर्धे लोखंड, अर्धी माती. मग एक दगड येऊन पायांवर आदळतो आणि पुतळ्याचा भुगा होतो. सोन्याचं डोकं म्हणजे बाबेल, खाली त्याच्या नंतरची राज्यं. राज्यं येतात, जातात; देवाचं राज्य राहतं, असा त्याचा अर्थ.

बाईंनी तोच पुतळा उभा केला. छाती म्हणजे चंदेरी कागद लावलेला डबा. तंगड्या म्हणजे पाण्याचे दोन जुने पाइप. डोकं म्हणजे बाईंच्या सासूबाईंचं पितळी पातेलं, चिंचेनं घासून उपडं ठेवलेलं. सासूबाई दर रविवारी दारातून विचारायच्या, “अगं, बाबेलचं साम्राज्य सुटलं का? मला पाणी तापवायचंय.”

आणि मी? तळ्याकाठची माती, त्यात भुसा आणि मूठभर खिळे. मुद्दाम कच्चा ठेवलेला. कारण वर्षाच्या शेवटच्या रविवारी आढ्याला दोरीनं दगड टांगायचे, तो झुलत यायचा आणि माझ्यावर बसायचा. मी फुटलो की पुतळा धाडकन खाली आणि पोरं टाळ्या वाजवायची. दगडही नेमका डाव्यालाच. उजवा माझा सख्खा भाऊ, पण त्याला कधी ओरखडा नाही. दर वर्षी पुन्हा घडवला जाऊन असा मी सात वेळा मेलोय. कुणी एक मिनिट उभं राहिलं नाही.

राग फुटण्याचा नाही हो. फुटणं शास्त्रात आहे, मी शास्त्राबाहेर नाही. राग याचा की डोक्यावर चार महिने धडे, छातीवर तीन, पोटावर तीन, तंगड्यांवर दोन आणि पायावर फक्त दगड! बाबेलच्या लोकांनी पत्रं लिहिली ती मातीवर. घरं बांधली ती मातीची. सोनं होतं ते कुणीतरी वितळवून नेलं. आज त्यांचं जे काही कळतं, ते माझ्या जातवाल्यांकडून. आणि पहिला माणूस देवानं कशाचा घडवला? पातेल्याचा?

असो. गेल्या वर्षी चर्चच्या मंडळीचे अध्यक्षकाका खोलीत आले.

“बाई, ते मूर्तिपूजक होते, पडले, संपले. पाच मिनिटांत सांगून होतं. वर्षभर वर्ग कशाला?”

“काका, त्यांनाही देवानंच घडवलं ना? मग त्यांची हकिगत पाच मिनिटांत कशी उरकू? आणि काय उभं होतं ते कळल्याशिवाय काय पडलं ते पोरांना कसं कळणार?”

“शेवटच्या रविवारी येतो. पटलं तर वर्ग. नाही पटलं तर इथे खुर्च्या ठेवू.”

बाई घरी जाऊन जेवल्या नाहीत म्हणे. हे त्यांच्या दिरानं पाहिलं. दीर गवंडी. मनानं सोनं, पण वर्गात कधी पाऊल टाकलेलं नाही. शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी तो पुतळा बघायला आला, खाली वाकला आणि म्हणाला, “एवढी मोठी परीक्षा आणि वहिनींच्या पुतळ्याचा पाय हा असा? ठिसूळ?”

त्यानं मला पोखरलं, आत सळ्या घातल्या, सिमेंट भरलं, वरून मातीचा हात फिरवला. बाईंना सांगितलंही नाही. मीही बोललो नाही. सात मरणांनंतर कुणी विचारपूस केली की माणूस गप्प बसतो. पायसुद्धा.

शेवटचा रविवार. अध्यक्षकाका पहिल्या रांगेत. दगड सुटला.

टण्ण.

मी उभा. पुतळा उभा. पोरं टाळ्यांसाठी हात वर करून तशीच.

“पुन्हा,” बाई म्हणाल्या. टण्ण.

“हे शास्त्रात नाही,” अध्यक्षकाका म्हणाले आणि मला तपासायला वाकले. वाकताना त्यांच्या कोपराचा पाइपला धक्का लागला. वरचं पातेलं सुटलं आणि काकांच्या डोक्यावर थेट कानांपर्यंत जाऊन बसलं.

मग एक चिमुरडी म्हणाली, “बाई, आता अध्यक्षकाका बाबेल आहेत का?”

बाईंना खोटं बोलता येत नाही. “थोडेसे. आपण सगळेच असतो थोडे थोडे.”

“माझं पातेलं!” सासूबाई धावल्या. “पोचा नाही ना आला?”

“काढा हो आधी!” पातेल्यातून आवाज घुमला. कान आडवे येत होते. कुणीतरी साबण आणायला पळालं.

“किती वेळ लागेल?” आतून प्रश्न.

“वीसेक मिनिटं,” दीर म्हणाला.

बाईंना काय वाटलं कुणास ठाऊक. त्या पोरांकडे वळल्या. “एका तासाची साठच मिनिटं का?”

“बाबेलवाले साठ-साठनं मोजायचे!” अख्खा वर्ग ओरडला.

“मग काका आत्ता कुणाच्या हिशेबानं वाट बघताहेत?”

पातेलं बाईंच्या आवाजाकडे वळलं. मग हळूच म्हणालं, “अजून काय काय त्यांचं आहे?”

आणि वर्ग सुरू झाला. पोरांनी नांगर सांगितला, ताऱ्यांचे तक्ते सांगितले, त्यांचा गर्व सांगितला, पडझडही सांगितली. साबण केव्हाच आला होता. पण काका म्हणाले, “थांबा, या पोरीला पूर्ण करू दे.”

पातेलं निघालं तेव्हा त्यांचे कान लाल होते. “वर्ग चालू राहू दे,” ते म्हणाले. “पण त्या पायाचं काहीतरी करा.”

म्हणजे बघा! वर्ग वाचला तो मी फुटलो नाही म्हणून, आणि हकालपट्टी माझीच. नवा कच्चा पाय बसवला. माझा वर्गाच्या उघड्या दाराला अडसर केला, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. येणारा प्रत्येक जण मला ठेचाळतो आणि वर मलाच शिव्या देतो.

तुम्हीही आत्ता तेच केलंत. ठेचेबद्दल माफी दिली, शिव्याही सोडून दिल्या. पण गोष्ट फुकटात ऐकलीत, तिची किंमत नाही सोडणार. साठ मिनिटं काढा. मिनिटं बाबेलची, वसुली माझी. आत बाकावर जागा आहे आणि दार मी धरलंय. चला, व्हा आत.