गळलेला एक्स

आमच्या बाबांचा वर्ग ओसरीवर भरतो. सिहोऱ्याच्या शाळेतून गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झाले, पण खडू काही सुटला नाही. नजर अधू झाल्यापासून पुस्तक बाजूला पडलं. पोरांनी गणित तोंडानं सांगायचं आणि बाबांनी ते काळ्या फरशीवर मोठ्या अक्षरांत सोडवायचं, अशी पद्धत पडली. पोरं गुडघे पांढरे करून घरी जातात आणि त्यांच्या आया माझ्या आईवर चिडतात.

दिवाळीआधी भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, विस्मरणाचा आजार सुरू झालाय. बाबांनी त्याला तिथंच सुनावलं की बारावीचं गणित अडेल त्या दिवशी मी वर्ग बंद करीन, तोवर मला आजारी म्हणायचं नाही. मी नागपूरला गणितच शिकवते. मला हा हट्ट मनापासून पटला होता. अखेर बाप माझाच.

आणि गणित अडलं. शेजारच्या प्रतीक्षानं सांगितलेलं, ई चा घात एक्स वर्ग, त्याचं इंटिग्रेशन. दिसायला अगदी गरीब गाय. बाबांनी ओळखीच्या सगळ्या युक्त्या लावल्या, फरशी पुसून पुन्हा लावल्या, अंधार पडला तरी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना दारातूनच परत पाठवलं. आईनं फोनवर एवढंच सांगितलं की हे जेवत नाहीत.

मी नागपूरहून तुमसर गाठलं, तिथून बस धरून घरी पोचले आणि आधी प्रतीक्षालाच पुस्तक घेऊन बोलावलं. पुस्तकात होतं, एक्स गुणिले ई चा घात एक्स वर्ग. पोरीनं पाठ करून सांगताना सुरुवातीचा एक्स गाळला होता. तो असला तर गणित दोन ओळींत सुटतं. तो नसला तर जगात कोणालाच सुटत नाही. आलेख असतो, त्याच्याखालचं क्षेत्रफळ असतं, पण शाळा-कॉलेजात शिकवलेल्या कुठल्याच सूत्रांत ते लिहून दाखवता येत नाही, आणि येत नाही हे कधीचं सिद्ध झालंय. मला पोरीचा राग यायला हवा होता. मी तिच्या गालावरून हात फिरवला. बाबा ठणठणीत होते, याहून मला काय हवं होतं?

बाबा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वळवली नाही.

"तू बी तुह्या मायवानीच समजावून राहिली मले," ते म्हणाले. "अशी गोड कायले बोलते? मी का लहान आहो?"

त्यांचंही खरंच होतं. डॉक्टरकडून आल्यापासून घरात कोणी त्यांच्याशी धड भांडलंसुद्धा नव्हतं. मला आमचाच संताप आला. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, सिद्धता बघा. खडू घेतला आणि खाली बसले. उत्तर असलंच तर ते कुठल्या रूपात असावं लागेल, हे आधी मोठ्या अक्षरांत मांडलं. मग त्याचं डेरिव्हेटिव्ह घेतलं, म्हणजे दोन बाजू कधीच जुळत नाहीत हे दिसतं. बाबा सरकत जवळ आले, चष्मा पुसला आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचू लागले. कितीतरी दिवसांनी ते माझ्याकडे बाप म्हणून नाही, मास्तर म्हणून बघत होते.

घाईत माझ्याकडून डेरिव्हेटिव्हमधला दोन राहिला. लगेच लक्षात आलं, पण मी तो लिहिला नाही. मी दहावीत असताना हाच माणूस आत जेवता जेवता, माझं पुटपुटणं ऐकून, वजाचं चिन्ह राहिल्याचं ओरडून सांगायचा. मी हात आखडला आणि वाट पाहिली. त्यांचं बोट त्या ओळीवर आलं. थांबलं. मी मनात म्हणत होते, बाबा, रागवा माझ्यावर.

बोट पुढे गेलं.

"बरोबर," बाबा म्हणाले. "समजलं मले. म्हणजे माहं डोस्कं ठीक आहे. पोरायले सांगून दे, उद्यापासून या म्हणावं."

दारात उभी असलेली आई पदरानं डोळे पुसत हसली आणि ताट वाढायला आत पळाली. मी बाबांना म्हटलं, हो, सांगते. मग फडकं ओलं करून आणलं आणि ती ओळ आधी पुसली.