मुकाट्याची निष्ठा

खोक्यांच्या कारखान्यात थोरलीचा जीव अडकला होता, आणि तिथेच तिचं चुकलं. सकाळी कुलूप तिनं उघडायचं, पुठ्ठा कापायच्या मशीनचं पातं तिनं बदलायचं, गिऱ्हाइकांची बोलणीही तिनंच खायची. बाबा आता कारखाना आपल्या हाती देणार, हे ती धरूनच चालली होती. आज दुपारी, चहाच्या वेळी, सगळ्या कामगारांसमोर बाबांनी धाकट्याला मॅनेजर करून टाकलं. दुसरीकडे नोकरी धरतो म्हणून तो आठवडाभर तोंड फुगवून बसला होता. एवढीच काय ती त्याची कर्तबगारी.

ती तणतणत घरी आली, तर बाबा कम्प्युटरवर राज्य चालवत बसलेले. राजेरजवाड्यांचा हा गेम तिनंच त्यांना शिकवला होता. प्रत्येक सरदाराच्या नावापुढे निष्ठेची पट्टी असते. ती घसरायला लागली की त्याला एखादं पद द्यायचं, म्हणजे तो शांत होतो.

"बाबा, मी का नाही?"

"अगं, तूच तर शिकवलंस. जो फुटायला निघालाय त्याला पद द्यायचं. तू कुठे जातेयस?"

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं मर मर राबून मिळालं काय, तर भरलेली पट्टी. पडद्यावर बाबांनी नुकतंच एका रुसक्या पोरसवदा सरदाराला सेनापती केलं होतं. म्हातारा सरदार मात्र पट्टी कायम भरलेली म्हणून बिनपदाचाच. त्याचं 'मुकाट्या' हे नाव बापलेकीनं हसत हसत ठेवलं होतं. आता तिला त्या हसण्याचाही राग आला.

"पुढच्या वर्षाचं बटण दाबा," ती म्हणाली.

बाबांनी दाबलं. मुकाट्या किल्ल्यासकट शत्रूला जाऊन मिळाला.

"हा कसा फुटला? याची पट्टी तर पूर्ण होती."

"होती. कालच्या पोराला डोक्यावर बसवलं की डावललेल्याची पट्टी एका फटक्यात तळाला जाते. हे सांगत होते तेव्हा तुम्ही फोन घ्यायला उठलात, ते परत आलाच नाहीत."

तिनं कारखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा कीबोर्डवर आपटला. बाबांनी जुडगा उचलला.

"अगं, उद्या पातं बदलायचंय. ते कोण बदलणार?"

"सेनापती," असं म्हणून तिनं पायात चपला सरकवल्या.