बघायला आलेला धाकटा

"कॅमेरा कुठंय?" दार अर्धंच उघडून थोरल्याने विचारलं.

"आणला नाही, दादा. आईला बघायला आलोय."

"बघायलाच येतोस तू."

धाकट्याने चपला काढल्या. तरुणपणी याच दारातून तो शूटिंगचे दिवे उचलायच्या कामाला गेला होता. पुढे कॅमेऱ्यामागे उभा राहिला, नाव झालं आणि गेल्या वर्षी छायालेखनाचा मानाचा पुरस्कार मिळाला. सगळी वाहवा एका दृश्याची होती: मरायला टेकलेला म्हातारा, खिडकीतून येणारं पिवळट ऊन, पाण्यासाठी हलणारे ओठ. थोरला सिनेमा अर्धा टाकून थिएटरबाहेर पडला होता. तो म्हातारा त्यांचा बापच होता. चादर, ऊन, ओठ, सगळं जसंच्या तसं.

"बाबा पाणी मागत होते, तेव्हा तू कोपऱ्यात उभा होतास," थोरला म्हणाला. "मला वाटलं, पोरगं हबकलंय. तू तर ऊन मोजत होतास!"

"हबकलो होतोच, दादा. पण नजर थांबत नाही माझी."

"आणि पाणी कोणी पाजलं?"

आतून वहिनी म्हणाली, "भावजी, जेवणार असाल तर आत्ताच सांगा. आम्ही पाहुण्यांचं धरून रांधत नाही."

आईच्या खोलीत खिडकीवर जाड ब्लँकेट ठोकलं होतं. भरदुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना.

"तिला ऊन सोसत नाही का?"

"तिला सोसतं. तुला मिळू नये म्हणून ठोकलंय, आज सकाळीच."

त्या दृश्यात बाबा जिवंत राहिले, असं तो मुलाखतींत सांगायचा. इथे तो अंधारात चाचपडत पलंगाकडे सरकला.

"कोण आलंय रे?" आईचा आवाज आला.

"मी, आई."

"कूस बदलायचीय तिची," थोरला मध्येच म्हणाला. "पाठीला जखमा झाल्यात. पाय धर."

धाकट्याने अंदाजाने हात घातला. हाताला उशी लागली.

"ते डोकं! आईचे पाय कुठे असतात, तेही माहीत नाही?"

थोरल्याने त्याचं मनगट ओढून आईच्या घोट्यावर नेलं. घोटा काडीसारखा झाला होता. गार.

"हळू. आता उचल."

दोघांनी मिळून तिला कुशीवर वळवलं. ती कण्हली, मग शांत झाली.

"दोन तासांनी परत वळवायचं," थोरला दारातून म्हणाला. "असलास तर."

तो गेला. धाकटा घोट्याला ऊब येईपर्यंत तसाच धरून बसला.