बिट्रिसचे तीन राष्ट्राध्यक्ष

सातासमुद्रापलीकडच्या एका देशाच्या राष्ट्राध्यक्षाने राजीनामा दिला आणि इकडे ठाण्याच्या गावठाणात बिट्रिसचे बोंबील करपले.

फोनवर तिची मुलगी व्हॅलेरी होती, कल्याणहून.

"मम्मी, दुवाल गेला."

"मेला?" बिट्रिस ओरडली. "अगं, त्याच्या तब्येतीसाठी मी देवळात इतक्या वेळा नाव दिलं!"

"मेला नाही गं. खुर्ची सोडली. राजीनामा दिला."

बिट्रिसने गॅस बंद केला, पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. मग ओटीवर जाऊन नवऱ्याला म्हणाली, "लिओनार्ड, आपला प्रेसिडेंट पळाला."

कुठल्याशा बेटावरचा राष्ट्राध्यक्ष हिचा कधीपासून झाला, असं कुणी विचारील. तो झाला फ्रँकलिनमुळे. फ्रँकलिन तिचा धाकटा, मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला. त्याच्याच जहाजावर विठ्ठलवाडीचा प्रीतम. त्या बेटाच्या बंदरात जहाज लागलं, आणि तळातल्या गोणींच्या मागे कुणीतरी लपवलेली ड्रग्जची पाकिटं सापडली. कॅप्टनला कंपनीने वकिलांची फौज देऊन सोडवून नेलं. त्या रात्री ड्युटीवर असलेली ही दोन पोरं मागे राहिली. ड्युटी यांची, म्हणून गुन्हा यांचा. बारा वर्षांची शिक्षा झाली. अपील तिथल्या सरन्यायाधीशापुढे गेलं. मोरेल त्याचं नाव. त्याने ते फेटाळलं. आता एकच वाट उरली होती, ती म्हणजे राष्ट्राध्यक्षाची माफी. दरवर्षी त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला राष्ट्राध्यक्ष काही कैदी सोडतो. या वर्षीच्या यादीत दोन्ही पोरांची नावं होती. "सही तेवढी बाकी आहे," असं तिथल्या वकीलबाईने कळवलेलं, आणि त्या एका वाक्यावर दोन घरं दिवस ढकलत होती.

आता सही करणाऱ्या माणसाची काळजी घ्यायला नको? बिट्रिसने तिच्या परीने घेतली. रविवारी देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, मिस्सा सुरू व्हायच्या आधी हेतू, म्हणजे कुणाकुणासाठी प्रार्थना करायची ते, वाचून दाखवतात. कुणाच्या मृत आईसाठी, कुणाच्या मुलाच्या परीक्षेसाठी, आणि मग एका रविवारी माइकवरून आलं, "राष्ट्राध्यक्ष दुवाल यांच्या उत्तम आरोग्यासाठी व सद्बुद्धीसाठी." अख्खं देऊळ मागे वळून बघायला लागलं. पुढे दर रविवारी तेच. गावठाणातल्या बायका तिला बाजारात थांबवून विचारायच्या, "बिट्रिस, तुजा प्रेसिडेंट बरा हाय ना?" तीही तोऱ्यात सांगायची, "परवा टीव्हीवर खोकत होता जरासा."

विठ्ठलवाडीला प्रीतमची आई कलावती. तिने दुवालचा फोटो झेरॉक्सवाल्याकडून रंगीत काढून आणला आणि थेट देवघरात, गणपतीच्या शेजारी बसवला. कुंकू नाही लावायची. परधर्माचा माणूस, उगाच राग आला तर? नुसतं फूल वाहायची. कोर्टाच्या तारखा, फोन, रडारड यांतून दोघी बायकांची अशी मैत्री झालेली की सख्ख्या बहिणी वाटाव्यात, आणि भांडायच्याही तशाच.

तर तो दुवाल गेला. कुठल्यातरी सरकारी जमिनीची भानगड होती.

"आता?" बिट्रिसने विचारलं.

"आता उपाध्यक्ष," लिओनार्ड पेपरातून डोकं न काढता म्हणाला. "गाडीला स्टेपनी असते ना, तसं. मादाम पिनो म्हणून बाई आहे. तीच सही करणार."

बाई आहे म्हटल्यावर बिट्रिसला जरा धीर आला. बाईला पोरंबाळं असतील. ती तडक देवळाच्या ऑफिसात गेली आणि नाव बदलून आली. तिकडे कलावतीची वेगळीच पंचाईत. फोटो देवघरातून उतरवला, पण टाकायचा कुठे? "फेकवेना गं," ती फोनवर म्हणाली. "इतके दिवस फूल वाहिलंय. देव असता तर विसर्जन केलं असतं." शेवटी दुवाल तांदळाच्या डब्याखाली गेला आणि मादाम पिनो गणपतीशेजारी बसली. तिचा एकही फोटो दात न दाखवता काढलेला नव्हता. देवघरात एवढं हसणं कलावतीला पसंत नव्हतं, पण करते काय!

रविवार उजाडायच्या आत पिनोबाईही गेली. तीच जमीन, आणि कागदावर बाईच्या भावाचं नाव.

"स्टेपनीपण पंक्चर," लिओनार्ड म्हणाला. बिट्रिसने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो मुकाट्याने उठून झाडांना पाणी घालायला गेला.

त्यानंतर तिला बसवेना की उभं राहवेना. अंगण झाडून झालं की पुन्हा झाडायची. भरलेली भांडी रिकामी करून पुन्हा भरायची. देशाला अध्यक्ष नाही, उपाध्यक्ष नाही, मग देश चालवतंय कोण? आणि स्वातंत्र्यदिन तर तोंडावर आलेला. व्हॅलेरीला ती दिवसातून इतके फोन करायची की शेवटी पोरीने शाळेत शिकवताना फोन बंद ठेवायला सुरुवात केली.

एका संध्याकाळी व्हॅलेरी स्वतःच घरी आली, तेव्हाच बिट्रिस समजली की काहीतरी आहे.

"मम्मी, त्यांच्या घटनेत लिहिलंय. दोघंही नसतील तर निवडणूक होईपर्यंत सरन्यायाधीश कारभार बघतो."

"आपल्याकडेपण तसंच आहे," लिओनार्ड म्हणाला.

"सरन्यायाधीश म्हणजे कोण?"

व्हॅलेरीने बापाकडे पाहिलं. लिओनार्डने पेपर उघडला.

"मोरेल?"

"मोरेल."

वर्षभर बिट्रिसने या माणसाला जेवढे शाप दिले तेवढे तिने उभ्या आयुष्यात कुणाला दिले नव्हते. घरात रोज रोजरीची जपमाळ व्हायची. प्रार्थनेत अपराध्यांना क्षमा करायची ओळ आली की बिट्रिसचं तोंड मिटायचं. तेवढी ओळ लिओनार्ड एकटाच म्हणायचा. बायकोला टोकायची त्याची छाती झाली नव्हती. आणि आता तिच्या पोराची चावी त्याच माणसाच्या हातात गेलेली.

दुसऱ्या दिवशी ती विठ्ठलवाडीला पोचली. कलावती दारातच कडाडली, "मी नाही हां त्याला देवघरात बसवणार! माझ्या प्रीतमला आत टाकला त्याने!"

"माज्या फ्रँकलिनला काय पालखीत बसवला?"

"तू देणारेस त्याचं नाव देवळात?"

बिट्रिस खाली बसली. पंखा फिरत होता तरी घाम पुसत राहिली. "मना नाय जमत, कलावती. पण तू सांग, दुसरा कोण हाय सही करायला?"

कलावतीने बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "अडला हरी..." एवढं म्हणून ती थांबली. ज्याचे पाय धरायचे त्याला निदान आज तरी गाढव म्हणू नये, एवढा विचार तिने केला. मग पिशवी घेऊन दोघी झेरॉक्सवाल्याकडे गेल्या. मोरेलच्या फोटोत चष्मा होता, हसू नव्हतं. "हा देवघरात शोभतो तरी," कलावती नाइलाजाने म्हणाली.

देवळाच्या ऑफिसात फादरनी विचारलं, "नेहमीचंच? आरोग्यासाठी आणि सद्बुद्धीसाठी?"

"आरोग्य नको," बिट्रिस म्हणाली. "त्याचं तो बघेल. नुसती सद्बुद्धी लिवा."

रविवारी ते नाव माइकवरून आलं तेव्हा कुणी वळून पाहिलं नाही. आता सगळ्यांना कळलं होतं. बिट्रिस गुडघ्यांवर होती. तिला स्वतःची लाज वाटत होती, रागही येत होता, आणि तरी तिने मागितलं ते अगदी मनापासून मागितलं. देवा, या माणसाला चांगला माणूस कर. एकदाच कर. मग मी याच्याविरुद्ध काही बोलणार नाही.

स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या सकाळी सगळे कलावतीकडे जमले. वकीलबाईचा फोन व्हॅलेरीला येणार होता. चहा झाला, तो कुणी प्यायला नाही. फोन आला तसं व्हॅलेरी इंग्रजीत "येस, येस" करत राहिली आणि दोन्ही आया तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"सही झाली," व्हॅलेरी म्हणाली.

कलावतीने हात जोडले.

"सगळ्या यादीवर झाली. आपली दोन नावं सोडून."

कलावतीचे हात जोडलेलेच राहिले. व्हॅलेरीच फोनवर ऐकत, अडखळत सांगत राहिली. मोरेल म्हणाला, या दोघांचा निकाल मी दिलेला आहे. शिक्षाही माझ्या हाताने आणि माफीही माझ्याच हाताने, हे न्यायाला धरून होणार नाही. उद्या कुणीही खुर्चीवर बसून आपलेच निकाल फिरवील. निवडून येईल त्याने ही फाइल बघावी.

"निवडणूक कवा?"

"पुढच्या वर्षी."

"पैसे खातो का तो?" बिट्रिसने विचारलं. "विचार तिला. लाचखाऊ हाय का?"

व्हॅलेरीने विचारलं. ऐकलं. मग हळू आवाजात म्हणाली, "ती म्हणते, आमच्या अख्ख्या देशात एवढा सरळ माणूस दुसरा नाही. तोच तर प्रॉब्लेम झाला."

कलावतीने डोळे पुसले आणि बिट्रिसकडे वळून विचारलं, "तू देवाकडे काय मागितलेलंस गं याच्यासाठी?"

"सद्बुद्धी."

"आरोग्यच मागायचं होतंस ना बाई!" असं म्हणून कलावतीला हसू आलं आणि त्या हसण्यातच ती हमसून हमसून रडायला लागली. बिट्रिसला रडू येत नव्हतं. मागितलेलं मिळालं होतं, आणि पोरगा आतच राहिला होता. आता कुणावर ओरडायचं हेच तिला कळत नव्हतं. ती नुसती त्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत फिरत राहिली.

दुपारी सगळे तिथेच असताना तुरुंगातून फ्रँकलिनचा फोन आला. त्याला आधीच कळलेलं.

"मम्मी, तो स्वतः आलेला इथे. मोरेल. आम्हा दोघांना खुर्च्या दिल्या आणि आपण उभा राहिला. म्हणाला, मला माफ करा, मी सही केली तर ती चूक होईल."

"आणि तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? म्हटलं, ठीक आहे सर. मम्मी, तू शांत हो. खरं सांगू का, त्याचं बरोबर आहे गं."

"बरोबर हाय?" बिट्रिसचा आवाज चाळभर गेला. "तू आत बसून त्याची वकिली करतोस?"

"अगं, विचार कर ना. त्याच्या जागी तू असतीस तर?"

"मी असते तर सही केली असती!" बिट्रिस म्हणाली. "डोळे मिटून केली असती. तो न्याय, ती खुर्ची, सगळं गेलं खड्ड्यात. आणि त्यासाठी देवाने मना नरकात टाकली असती तर गेली असते, ऐकतोस ना? हसत गेली असते!"

तिने फोन कानापासून काढून पाहिला. तिकडची वेळ संपून फोन कट झाला होता. त्याने यातलं किती ऐकलं कोण जाणे.

कलावती देवघरापाशी बसली होती. तिने खालमानेनेच विचारलं, "प्रीतमच्या नावावर पण केली असतीस?"

बिट्रिस फिरायची थांबली आणि तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"प्रीतमच्याच नावावर आधी," ती म्हणाली.