सातवा हात

आईने निळा रंग ओतलेल्या थाळीत उजवा पंजा ठेवला तेव्हा तो थरथरत होता, आणि मी तो धरला नाही.

धरायला हवा होता. दस्त नोंदणीच्या कचेरीत एकतीस वर्षं मी लोकांचे अंगठे घेते आहे. कंप सुटलेल्या म्हाताऱ्यांचे, घाबरून घाम फुटलेल्या बायकांचे, सगळ्यांचे. आधी घाम पुसायचा, मनगट आपल्या मुठीत घ्यायचं आणि म्हणायचं, "हात सैल सोडा, मी धरते." मग अंगठा नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आपणच फिरवायचा. माझ्या टेबलावरून फिसकटलेला ठसा कधी पुढे गेलेला नाही. कचेरीत मला ठसेबाई म्हणतात. म्हणू देत. घरात माझं नाव धसमुसळी होतं.

"निळाच रंग काढ गं," आई सकाळी म्हणाली होती. "सातव्या वर्षाचा निळा बघ, कसा उठून दिसतो."

तोपर्यंत माझं नक्की ठरलेलं नव्हतं. तिथे ठरलं.

आई हस्तकलेचे वर्ग घ्यायची. माझ्यासाठी तिने काय केलं नाही? मोज्यांच्या बाहुल्या, पुठ्ठ्याचं दुमजली घर, सोनेरी कागदाचा मुकुट. सगळं काचेच्या कपाटात. खेळायला मी शेजाऱ्यांच्या जिन्यात खडे गोळा करायची. "हात लावू नकोस, खराब होईल. मोठी झालीस की आठवण राहील," हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला आधी दिसेल असं, हे हातांचं झाड. रंगवलेलं खोड, आणि फांद्यांवर दर वाढदिवसाला कागदावर घेतलेला, कापून चिकटवलेला माझा पंजा. बारा वर्षांचे बारा हात.

त्यातला सातवा माझा नाही.

त्या दुपारी माझा हात हलला. बोटं दुहेरी उमटली. आईने कागद फाडला आणि म्हणाली, "झालं खराब. हात तसाच वर धर, कुठे लावू नकोस." मग तिने वरच्या मजल्यावरून गोडुलीला हाक मारली. गोडुली माझ्याच वयाची, वेणी कधी न सुटणारी. तिचा हात एका दमात उमटला. तो कापण्यात, चिकटवण्यात, पाहुण्यांच्या तयारीत आई मला विसरली. मी मागच्या खोलीत हात वर धरून उभी. रंग वाळून तळवा आखडला, मूठ मिटेना. दिवे लागले, पाहुणे आले, तेव्हा कुणीतरी मला बाहेर ओढलं. त्या दिवसाचा फोटो आहे. सगळे हसताहेत, मी डाव्या हाताने केक कापते आहे आणि उजवा पाठीमागे आहे.

ही गोष्ट आईने कधी काढली नाही. मीही नाही. पण येईल त्याला ती सातवा हात दाखवायची, बोट ठेवून दाखवायची, आणि पंचेचाळीस वर्षं मी चहाचा ट्रे घेऊन ते ऐकत उभी राहिले.

आज चार वाजता तिच्या वर्गातल्या जुन्या विद्यार्थिनी येणार होत्या. त्यांच्यासाठी तिला खोडाच्या बुंध्याशी स्वतःचा हात लावायचा होता. एकोणऐंशीव्या वर्षी.

पंजा कागदावर टेकला, थरथरला, सरकला. उचलला तेव्हा बोटं दुहेरी उमटली होती.

"हललं वाटतं," ती म्हणाली. "दुसरा कागद दे."

"झालं खराब," मी म्हणाले. "हात तसाच वर धर, कुठे लावू नकोस. मी गोडुलीला बोलावते."

आईने माझ्याकडे पाहिलं.

"तुला आठवतंय?"

"तूच म्हणायचीस ना, आठवण राहील म्हणून."

गोडुली अजून वरच राहते. आजी झाली तरी गोडुलीच. पदर खोचून, हात पुसत खाली आली आणि थाळी बघून हसली.

"अगंबाई, परत माझाच हात? लहानपणी पण काकूंनी घेतला होता. चॉकलेट दिलं होतं बघ मला."

"आजही देऊ," मी म्हणाले.

तिचा हात एका दमात उमटला. मी तो कापला, अगदी कडेकडेने, आणि बुंध्याशी चिकटवला. आई खुर्चीत हात वर धरून बसली होती. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पण माझं अजून संपलेलं नव्हतं. मी मनाशी ठरवलं होतं: चारचौघींत आई त्या हाताचं कौतुक करवून घेईल, तिने नुसती मान डोलावली की मी सांगणार. सगळं. तारखेसकट.

चारला बायका आल्या. आईने फुलं डाव्या हाताने घेतली. उजवा खुर्चीमागे होता. कुणाच्या लक्षात आलं नाही; माझ्या आलं. त्यातली एक आता शाळेत मुख्याध्यापिका आहे. ती झाडाजवळ वाकून म्हणाली, "बाई, या वयात इतका स्वच्छ ठसा? हात जरासुद्धा हललेला नाही."

मी दारातच थांबले. ट्रे घट्ट धरला.

"माझा नाही तो," आई म्हणाली. "माझा खराब आला. हा वरच्या गोडुलीचा आहे. आणि तो वरचा सातवा, तोही तिचाच. माझ्या मुलीचा मी फाडून टाकला होता."

मुख्याध्यापिका ओशाळं हसली. "काहीतरीच काय, बाई. चेष्टा करता."

"चेष्टा नाही. सात वर्षांची होती. चहा घ्या, निवेल."

पंचेचाळीस वर्षं घोकलेलं माझं वाक्य तिने काढून घेतलं, आणि माझ्यापेक्षा नीट म्हटलं. माझा असा संताप झाला की कप बशीवर वाजू लागले. बायकांनी घाईघाईने चहा घेतला. हवापाण्याचं बोलून त्या निघून गेल्या.

कप विसळून मी कोमट पाण्याचं भांडं आणि फडकं घेऊन बाहेर आले. आईचा उजवा हात आता मांडीवर उताणा होता. रंग वाळून तडकला होता, बोटं अर्धवट आखडली होती.

"आण इकडे," मी म्हणाले.

तिने हात मागे घेतला.

"तुझा किती वेळ तसा राहिला होता?"

मला सांगायचं नव्हतं. "दिवे लागेपर्यंत," मी म्हणाले.

तिने खिडकीकडे पाहिलं. समोरच्या भिंतीवर अजून ऊन होतं.

"मग वेळ आहे अजून," ती म्हणाली.

तिचा हात थरथरत होता. मला तो धरता आला असता. पण तिने धरू दिला नसता. मी भांडं मांडीवर घेऊन तिच्याजवळ बसले. पाणी निवत गेलं.