शुक्रवारची ओळ

"काका, घाई करू नका. आधी फक्त बटन दाबा."

"कुटलं? हितं चार हायेत."

"सगळ्यात मोठं. आणि जरा घाई करा."

कोंडीरामकाका सिक्युरिटी केबिनमध्ये कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि मी त्यांच्यापासून चार फुटांवर, लोखंडी फिरत्या दारात. आमच्या गेटचं दार माणसापेक्षा उंच आहे, सगळं गजांचं. चेहरा दाखवला की ते एका माणसाला आत घेतं, अर्धी गिरकी मारतं आणि पलीकडे सोडतं. मला घेतलं, आणि मधेच थांबलं. पुढे गज, मागे गज. मागे रस्त्यावर पहिली शिफ्ट आत यायला उभी, पुढे आवारात रात्रपाळी घरी जायला उभी. हे दार दुरुस्त करू शकणारा कंपनीत एकच माणूस होता, आणि तो दारात होता.

सकाळचे सात वाजून पाच मिनिटं झाली होती. दहा वाजता हिंजवडीत माझा इंटरव्ह्यू होता. परमनंट जागेचा. चाकणहून आठला निघालो तरच काही आशा. अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि गजाला परवाच ग्रीस लावलं होतं.

"लाइट पाडा ना राव, दार मोकळं होईल," मागून कुणीतरी म्हणालं.

"दाराला बॅटरी आहे. चार तास चालते."

"कुणी बसवली?"

"मी."

"आणि कॉम्प्युटरला?"

"मंजूर झाली नाही."

"मग ट्रकच्या गेटनं सोडा."

"चेहरा लागला नाही तर हजेरी लागणार नाही," आवारातून वर्षाराणी मॅडम म्हणाल्या. त्या एचआर. मग कुणीच हललं नाही.

हा कॉम्प्युटर म्हणजे भंगारातून वाचलेलं एक जुनं यंत्र आहे. मेमरी एक जीबी. मोठी सिस्टिम त्याला झेपत नाही म्हणून मी हलकं लिनक्स टाकलं. तरी चारशे दहा चेहरे लक्षात ठेवताना त्याचा जीव जातो. त्यासाठी डिस्कवर दोन जीबीची एक फाइल करून ठेवली आहे. मेमरी भरली की उरलेलं तिथे टाकायचं. याला स्वॅप म्हणतात. फाइल तिथेच असते, पण ती वापरायला घे हा हुकूम कॉम्प्युटर सुरू झाला की दर वेळी नव्याने द्यावा लागतो. नाहीतर एफस्टॅब नावाच्या यादीत एक ओळ लिहायची. एकदाच. मग तो आपण होऊन घेतो.

ती ओळ मी लिहिली नव्हती. विसरलो नव्हतो.

आमच्या पट्ट्यात गुरुवारी दिवसा सुट्टी आणि लाइट बंद. रात्रपाळी ट्रकच्या गेटने आत येते आणि चेहरा सकाळी जाताना लावते. शुक्रवारी कॉम्प्युटर कोऱ्या डोक्याने उठतो. मी साडेसहाला येतो, हुकूम देतो, आणि सातला शिफ्ट सुरळीत आत जाते. दर अकरा महिन्यांनी माझ्या कॉन्ट्रॅक्टच्या कागदावर सही घेताना वर्षाराणी मॅडम म्हणतात, "भूषण नसेल तर शुक्रवारी काय करायचं?" आतापर्यंत दोनदा म्हणाल्या आहेत. एका न लिहिलेल्या ओळीवर माझी बावीस महिन्यांची नोकरी उभी होती. आज मात्र इंटरव्ह्यूसाठी दाढी केली, गाल कापला, रक्त थांबवण्यात कासारवाडीची बस चुकली. मी पोचलो तोवर चाळीस जण आत गेले होते. एक्केचाळिसावा मी.

"चालू झाला," काका म्हणाले. "पासवर्ड मागतोय."

दोनशे माणसं शांत झाली.

"सांगतो. पी."

"पी." काका सातवी शिकलेत. इंग्रजी अक्षरं ट्रकच्या नंबरप्लेटवरून ओळखतात. "फुडं?"

"ई. आर. एम."

"एम. एमएचमधला. फुडं?"

"ए. एन..."

"परमनंट!" रात्रपाळीतली कस्तुरा ओरडली. "अगं बाई, ह्याचा पासवर्ड परमनंट हाय!"

दोन्ही बाजूंनी हशा पिकला. माझे वडील, भिवा, एकतीस वर्षं परमनंट होते. घरात तो शब्द मीठ-मिरचीसारखा वापरला जायचा. सहज लक्षात राहील म्हणून ठेवला होता.

सुरू झाल्यावर कॉम्प्युटर दीड मिनिट शुद्धीवर असतो. त्यानंतर दोन्ही बाजूंची गर्दी एकदम ओळखायला जातो आणि संपतो. पहिल्या दोन वेळा तो काकांच्या आधी संपला. तिसऱ्यांदा हुकूम बसला.

"आता एफ, आर, ई, ई. खालची ओळ वाचा."

"स्वॅप. दोन पॉइंट शून्य." काका स्क्रीनमध्ये वाकले. "म्हंजी नेमकं काय झालं?"

"खरी मेमरी कमी पडली की ही कामाला येते. हळू असते, पण भागतं."

"म्हंजी कंत्राटी मेमरी म्हणा की."

मी घड्याळ बघितलं. साडेआठ वाजले होते.

दार मात्र हललं नाही. अर्ध्यात अडकलेलं दार जागेवर यायला कॉम्प्युटरला सुरू होतानाच, पासवर्डच्याही आधी, पुरेशी मेमरी लागते. म्हणजे तो पुन्हा बंद-चालू करायचा. आणि बंद केला की हुकूम जाणार, चेहरे येणार, कॉम्प्युटर जाणार. यातून सुटायला एकच वाट होती. यादीत ती ओळ.

मी विचार केला. मग म्हणालो, "मेंटेनन्सवाल्यांकडून गॅस कटर मागवा."

"दार कापायचं?" वर्षाराणी मॅडम म्हणाल्या.

"सगळं नाही. माझ्यापुरतं."

काका खुर्चीतून उठून गजांपाशी आले. ही कंपनी जिथे आहे तिथे त्यांच्या वांग्याचं वावर होतं. केबिनच्या जागी विहीर होती. जमीन गेली तेव्हा त्यांना राखणीची नोकरी मिळाली. तेही कंत्राटी.

"भूषणभाऊ," ते हळू बोलले, "दर शुक्रवारी तुमी येता, ह्येच करता. एकदाच करून ठिवता येत न्हाई व्हय?"

त्यांचं हळू बोलणं म्हणजे शेतातून शेतात ऐकू जाईल असं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पळून जायची सोय नव्हती.

"येतं," मी म्हणालो.

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं. मॅडमना कळलं की नाही, ते तोंडावरून कळेना.

"मग सांगा," काका म्हणाले आणि परत जाऊन बसले.

मी यादी उघडायला लावली. एकेक अक्षर सांगितलं. तिरपी रेघ, फाइलचं नाव, बाकीचे शब्द. "शेवटी शून्य. जागा सोडा. शून्य."

"दोन शून्य कशापायी?"

"तसंच असतं."

काकांनी बंद-चालू केलं. चेहरे आले, कॉम्प्युटर टिकला. दार खट्‌ वाजलं आणि मला आवारात सोडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काकांसाठी. नऊ चाळीस झाले होते. हिंजवडीला फोन केला, दारात अडकलो होतो असं सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, "ट्रॅफिक सांगितलं असतं तर चाललं असतं."

पुढच्या शुक्रवारी सवयीने साडेसहाला गेलो. कॉम्प्युटर आपण होऊन उठला होता. स्वॅप दोन पॉइंट शून्य. काकांनी मला चहा दिला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही दिला.

महिनाअखेरीला कॉन्ट्रॅक्ट संपलं. वर्षाराणी मॅडमनी विचारलं, "आता शुक्रवारी काही प्रॉब्लेम येत नाही ना?"

"नाही."

"छान," त्या म्हणाल्या. कागद पुढे आला नाही.

सोडून जाणाऱ्याचा चेहरा कॉम्प्युटरमधून पुसायचा, हे काम माझंच. आधी पुसला तर दार मला बाहेर सोडणार नाही. आधी बाहेर गेलो तर पुसणार कोण? मी हे काकांना सांगितलं.

"तुमी व्हा बाहीर," काका म्हणाले. "मी करतो. मला यतं आता."

दाराने मला ओळखलं, अर्धी गिरकी मारली आणि रस्त्यावर सोडलं. मी केबिनच्या खिडकीशी आलो.

"नाव सांगा," काका म्हणाले.

"तुम्हाला माहीत आहे की."

"विंग्रजीत सांगा."

"बी. एच..."

"एच. एमएचमधला," काका म्हणाले. ते एका बोटाने शेवटपर्यंत टाइप करत गेले, मग माझ्याकडे न बघता एक बटन दाबलं. "पुसलं. बघा बरं एकदा तपासून."

मी दाराकडे गेलो आणि कॅमेऱ्यासमोर चेहरा धरला. लाल दिवा लागला.

"बरोबर आहे," मी म्हणालो.